जूनमध्ये भरलेली पेटी: मधमाश्यांच्या वसाहतीचं मॉडेल नाशिकमध्ये कसं चालवायचं

मधमाश्यांची वसाहत आकड्यांत चालवून दाखवणारा 'बीहेव' नावाचा प्रोग्राम आहे. माझ्या लॅपटॉपवर त्यातली पेटी जून महिन्यात माश्यांनी ओसंडून वाहत होती. दिंडोरी रस्त्यावरच्या मळ्यात, त्याच जूनमध्ये, झाकण उघडलं तर दहापैकी जेमतेम चार चौकटींवर माश्या, मध तळाला गेलेला आणि राणीनं अंडी घालणं जवळपास थांबवलेलं. मी आलेखावर विश्वास ठेवला, साखरेचा पाक दिला नाही. ऑगस्ट संपेपर्यंत सहातल्या दोन पेट्या रिकाम्या झाल्या.

चूक प्रोग्रामची नव्हती. तो इंग्लंडातलं वर्ष चालवत होता, आणि आपण नाशिकला आहोत हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर मी सगळं पहिल्यापासून शिकलो, तेही उलट्या क्रमानं: आधी मोठा प्रोग्राम, मग साधं गणित, शेवटी नोंदवही. तुम्ही सुलट क्रमानं जा. दोन-चार पेट्या असलेल्या, एक्सेलमध्ये बेरीज-गुणाकार करता येणाऱ्या कुणालाही हे जमेल. प्रोग्रामिंग यायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'यंदा किती किलो मध निघेल' याचं उत्तर यातून मिळणार नाही. 'पाक दिला तर काय, नाही दिला तर काय', 'पेट्या इथेच ठेवल्या तर काय, हलवल्या तर काय' अशी दोन वाटांची तुलना मात्र करता येते, आणि ती बरीच उपयोगी पडते.

१. आधी नोंदवही, मग लॅपटॉप

जमवायचं सामान फार नाही:

- प्रत्येक पेटीसाठी वहीचं वेगळं पान. तारीख, माश्यांनी झाकलेल्या चौकटी, बंद कोषांचं (झाकण लागलेल्या, आत माशी घडत असलेल्या घरांचं) क्षेत्र, अंडी दिसली का, मधाच्या चौकटी, दिलेला पाक.
- पुठ्ठ्यात कापलेली ५ सेंमी × ५ सेंमी खिडकी आणि एक मोजपट्टी.
- फोनचा कॅमेरा. चौकटीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मोजणी घरी बसून, माश्या न चावता होते.
- साधा लॅपटॉप. एक्सेल नसेल तर फुकटचं लिब्रेऑफिस कॅल्क चालतं.
- आपल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय आकडे मिळतात.
- पेटीभोवती दोन-तीन किलोमीटरमध्ये कधी काय फुलतं याची यादी.

ही शेवटची यादी लोक टाळतात आणि तिथेच फसतात. माझी पहिली यादी मी घरात बसून, नकाशावरचे हिरवे तुकडे बघून केली. दिंडोरीत हिरवा तुकडा म्हणजे बहुतेक द्राक्षबाग. मी तिथे भरपूर मकरंद लिहून मोकळा झालो. पण आपल्याकडची द्राक्षं स्वपरागित. माश्यांना तिथे फारसं काही मिळत नाही. उलट ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचा त्रासच होतो. मॉडेलमध्ये द्राक्षबाग ही अन्नाची जागा नव्हे, झालीच तर धोक्याची जागा.

खरा चारा वेगळा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरगाणा-पेठकडे पिवळी होणारी खुरासणी (कारळं). सटाणा-मालेगाव पट्ट्यातल्या डाळिंबाचे बहार, त्यात जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. निफाड-येवला-चांदवडकडचे बियाण्याच्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे. शिवाय बांधावरची बाभूळ, कडुनिंब, शेवगा, मका आणि बाजरीचा पराग. या झाडांचे महिने गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. पेठ तालुक्यातल्या एका आजोबांनी मला अर्ध्या तासात बारा महिन्यांचा फुलोरा सांगितला, आणि शेवटी विचारलं, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरातल्या माश्या चावतात का?"

२. माश्या मोजायच्या कशा

एकेक माशी कुणी मोजत नाही. लँगस्ट्रॉथ या प्रमाण आकाराच्या पेटीची खोल चौकट दोन्ही बाजूंनी माश्यांनी पूर्ण झाकलेली असेल तर साधारण दोन हजारांवर माश्या धरा. अर्धी झाकलेली म्हणजे अर्धी. सकाळी लवकर, माश्या कामावर निघण्याआधी मोजा. अकरा वाजता मोजलंत तर तिसरा हिस्सा शेतात असतो आणि पेटी उगाच अशक्त वाटते.

माश्यांच्या संख्येपेक्षा मला बंद कोषांचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. कोष पळत नाहीत. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या) पोळ्यात एका बाजूला दर चौरस सेंटिमीटरला साधारण चार घरं येतात. सातेरीची (आपल्या देशी पाळीव मधमाशीची) घरं लहान, म्हणून जास्त; पुठ्ठ्याची खिडकी ठेवून स्वतः मोजा आणि २५ नं भागा.

मेलिफेराची कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते, त्यातले शेवटचे सुमारे १२ दिवस झाकणाखाली. म्हणून बंद कोषांची संख्या भागिले १२ केलं की रोज किती नव्या माश्या जन्मतायत त्याचा अंदाज मिळतो. माझ्या एका पेटीचा आकडा: बंद कोषांचं क्षेत्र ९०० चौरस सेंमी, म्हणजे ३६०० कोष, म्हणजे रोज ३०० माश्या. त्या दिवशी पेटीत माश्या होत्या सुमारे ९०००. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

नराचे कोष यात धरू नका. ते मोठे, फुगीर झाकणाचे असतात आणि माशी २४ दिवसांनी निघते. दर १२ दिवसांनी मोजलंत तर एकच कोष दोनदा मोजला जात नाही.

३. एक्सेलमधलं छोटं मॉडेल

२०११ साली डेव्हिड खूरी आणि ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात वसाहतीच्या लोकसंख्येचं एक मॉडेल मांडलं. दोनच समीकरणं आहेत, पण मला पेटी कळली ती याच मॉडेलमुळे. थेट मोठ्या प्रोग्रामकडे पळू नका. एक रविवार याला द्या.

यात माश्यांचे दोन गट: घरात काम करणाऱ्या आणि बाहेर चाऱ्याला जाणाऱ्या. रोज तीन गोष्टी घडतात.

नव्या माश्या जन्मतात आणि घरच्या गटात येतात. किती? 'कमाल उपज' गुणिले एकूण माश्या, भागिले (एकूण माश्या अधिक २७०००). मूळ लेखात कमाल उपज रोजची २०००. या २७००० चा अर्थ असा की पेटीत तेवढ्या माश्या असतील तेव्हा जन्म कमालीच्या बरोबर निम्मे होतात. अंडी घालणारी राणी एकटी असली तरी पिलं पोसायला हात लागतात, ते असं गणितात आणलंय.

घरच्या काही माश्या बाहेरच्या होतात. रोजचा दर ०.२५ उणे (०.७५ गुणिले बाहेरच्यांचं एकूणातलं प्रमाण). बाहेर पुरेशा माश्या असल्या की घरच्या थांबतात; बाहेरच्या मेल्या की कोवळ्या माश्याही लवकर बाहेर पडतात. सगळ्या मॉडेलचा जीव या एका ओळीत आहे.

आणि बाहेरच्या काही मरतात: 'मरण-दर' गुणिले बाहेरच्या माश्या.

एक्सेलमध्ये चार रकाने करा: दिवस, घरच्या, बाहेरच्या, एकूण. उजवीकडे वेगळ्या घरांत पाच आकडे ठेवा: २०००, २७०००, ०.२५, ०.७५ आणि मरण-दर. सूत्रात या घरांचे पत्ते डॉलरचं चिन्ह लावून पक्के करा, नाहीतर सूत्र खाली ओढताना पत्ते सरकतात आणि पेटी तिसऱ्या दिवशी मरते. माझी अशी चार वेळा मेली.

पडताळ्यासाठी पहिले दोन दिवस हातानं करू. घरच्या १६०००, बाहेरच्या ८०००, मरण-दर ०.१५.

पहिला दिवस: जन्म = २००० × २४००० ÷ ५१००० = ९४१. बाहेरच्यांचं प्रमाण एक तृतीयांश, म्हणून बाहेर जाण्याचा दर ०.२५ − ०.२५ = शून्य; कुणीच बाहेर जात नाही. मरण १२००. नवे आकडे: घरच्या १६९४१, बाहेरच्या ६८००.

दुसरा दिवस: जन्म ९३६, घरातून बाहेर ५९६, मरण १०२०. घरच्या १७२८१, बाहेरच्या ६३७६.

तुमच्याकडे हेच आले तर सूत्रं बरोबर. दर उणे निघाला तरी घाबरू नका. बाहेरच्या फार झाल्या की काही घरकामाला परततात, हे खऱ्या पेटीतही होतं.

आता सूत्रं हजार दिवस खाली ओढा आणि फक्त मरण-दर बदलत जा. माश्यांची संख्या शेवटी कुठे स्थिरावते ते असं:

- मरण-दर ०.१० : सुमारे ४४१००
- ०.१५ : सुमारे २३८००
- ०.२० : सुमारे १३६००
- ०.३० : सुमारे ३३००
- ०.३५५ च्या वर : पेटी संपते

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. मला वाटायचं, मरण दुप्पट झालं की माश्या निम्म्या होतील. तसं होत नाही. ०.१० चं ०.२० झालं की माश्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतात, आणि एका ठिकाणी कडाच आहे. कड्याच्या पलीकडे पेटी 'थोडी अशक्त' राहत नाही, ती संपतेच.

मरण-दराचा अर्थ लावायचा सोपा मार्ग: १ ला त्यानं भागा, बाहेरच्या माशीचं सरासरी आयुष्य दिवसांत मिळतं. ०.१० म्हणजे १० दिवस. ०.३५५ म्हणजे तीनही नाहीत.

४. आकडे आपल्या पेटीला बसवा

रोज २००० माश्यांची कमाल उपज ही धष्टपुष्ट मेलिफेरा वसाहतीची. माझी पेटी घ्या: माश्या ९०००, रोजचे जन्म ३००. सूत्रात २००० घातले तर जन्म ५०० येतात. ३०० यायला कमाल उपज १२०० धरावी लागते. २७००० चा आकडा मी तसाच ठेवला. तोही बदलता येतो, पण एकाच नोंदीवरून दोन आकडे बसवायला गेलं की हवं ते उत्तर काढता येतं, तो मोह टाळा.

१२०० घातल्यावर दोन गोष्टी कळल्या. पेटी ९००० वर टिकून आहे, म्हणजे तिचा मरण-दर ०.१२ च्या आसपास असणार. आणि कडा ०.३५५ वरून ०.१७५ वर आलेला. म्हणजे माझ्या राणीच्या वेगानं ही पेटी फवारणीचा जो मार सोसू शकते, तो पुस्तकी पेटीच्या निम्माच आहे. त्या वर्षी मी राणी बदलली.

आता पावसाळा. आपल्याकडे जून ते ऑगस्ट चारा तुटतो, राणी अंडी आवरती घेते. कमाल उपज ३०० धरा. कडा थेट ०.०३६ वर येतो, म्हणजे बाहेरची माशी २८ दिवस जगली तरच पेटी टिकेल. तेवढी ती जगत नाही. पावसाळ्यात पेटी घसरणार हे ठरलेलंच आहे. बघायचं एवढंच की खुरासणी फुलेपर्यंत किती माश्या उरतात.

ते मोजू. १५ जूनला ८५०० घरच्या आणि ३५०० बाहेरच्या, पावसामुळे बाहेर जाणं कमी म्हणून मरण-दर ०.१०. कमाल उपज ३०० ठेवून ७५ दिवस चालवलं तर ऑगस्टअखेर सुमारे २७०० माश्या उरतात. पाक आणि परागाचा पर्याय देऊन उपज ६०० वर टिकवता आली असं धरलं, तर ५००० च्या थोड्या वर. ३०० आणि ६०० हे माझ्या वहीतून काढलेले अंदाज आहेत, तुमचे वेगळे येतील. पण सप्टेंबरात २७०० माश्यांची पेटी आणि ५००० ची पेटी यांत काय अंतर असतं, हे ज्यानं खुरासणीचा हंगाम पाहिलाय त्याला सांगायला नको.

या मॉडेलचा एक मोठा खोटेपणा ध्यानात ठेवा. यात अंडं घातलं की त्याच दिवशी माशी तयार. खऱ्या पेटीत २१ दिवस जातात. म्हणून फवारणीनंतर किंवा राणी बदलल्यावर पेटी सावरायला मॉडेल दाखवतं त्यापेक्षा तीनेक आठवडे जास्त धरा. मध आणि परागाचा साठाही यात नाही. याच लेखकांनी २०१३ मध्ये अन्नाचा साठा धरून मॉडेल वाढवलं. हौस असेल तर अन्नाचा आणखी एक रकाना जोडता येतो.

५. नेटलोगो आणि बीहेव उतरवून घ्या

एक्सेल हातात बसलं की पुढची पायरी बीहेव. मथियास बेखर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं हे मॉडेल फुकट आहे. यात अंडी-अळ्या-कोष दिवसागणिक वाढतात, मध आणि परागाचा साठा आहे, माश्या शेतं शोधतात, व्हरोआ माइट (माश्यांच्या अंगावर जगणारा गोचिडीसारखा बारीक परजीवी) आणि तिच्यासोबत येणारे विषाणूही आहेत.

बीहेव चालतं नेटलोगोवर. युरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये बनवलेला हा प्रोग्राम अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून फुकट मिळतो. सापळा इथेच आहे: बीहेव नेटलोगोच्या ५ क्रमांकाच्या मालिकेसाठी लिहिलंय. सगळ्यात नवी आवृत्ती घेतलीत तर फाइल उघडताना रूपांतर होतं आणि चुकांच्या लाल ओळी येऊ शकतात. नेटलोगोच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. ५ ची घ्या, दोन दिवस वाचतील.

फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा. फाइलींमधले अंकही इंग्रजी ठेवा; मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि ० ते ९ देवनागरीत गेले तर प्रोग्राम ते वाचेल याची खात्री नाही. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, बदल प्रतीवरच.

पहिल्यांदा काहीही न बदलता 'सेटअप' आणि मग 'गो' दाबा, वर्षभर चालू द्या. माश्यांचा डोंगर उभा राहील आणि त्याचं शिखर जूनच्या आसपास येईल. मी इथे फसलो होतो.

६. इंग्लंडचं पंचांग काढून नाशिकचं घाला

बीहेव मुळात इंग्लंडातल्या रॉथमस्टेडच्या हवामानावर उभं आहे. वर्ष १ जानेवारीला १०००० माश्यांनी सुरू होतं. अंडी घालण्याचा वेग एका ठरलेल्या हंगामी वक्रावर चढतो-उतरतो, कमाल रोज १६०० अंडी. तिकडे जून म्हणजे फुलांचा महिना, आणि मारते ती थंडी. आपल्याकडे निफाडला पारा कितीही खाली गेला तरी दुपारी माश्या कामावर असतात. आपल्याला मारतो पाऊस, आणि एप्रिल-मेची चाळीस अंशांची दुपार.

तीन गोष्टी बदलाव्या लागतात.

पंचांग. कोडमधला वक्र सरकवण्यापेक्षा सोपी युक्ती: मॉडेलची १ जानेवारी म्हणजे आपला १ सप्टेंबर असं धरा. मग मॉडेलचं जूनमधलं शिखर आपल्या फेब्रुवारीच्या मध्यावर येतं, डोंगळे आणि आंबे बहाराच्या वेळी. मॉडेलचा नोव्हेंबर-डिसेंबर आपल्या जुलै-ऑगस्टवर बसतो. त्यांचा हिवाळा, आपला पावसाळा. वहीत दोन रकाने करून ठेवा, मॉडेलचा दिवस आणि आपली तारीख. नाहीतर महिन्याभरात तुम्हीच गोंधळाल.

ही युक्ती शंभर टक्के बसत नाही. त्यांच्या हिवाळी माश्या घरात गोळा होऊन महिनोन् महिने जगतात. आपल्या पावसाळी माश्या उघडीप मिळाली की बाहेर पडतात आणि मरतात. म्हणून मॉडेल आपला पावसाळा जरा सौम्य दाखवतं. कलम ४ मधला एक्सेलचा आकडा शेजारी ठेवून बघा.

हवामान. मॉडेलला रोज चाऱ्याचे किती तास मिळतात याची ३६५ आकड्यांची यादी लागते. मूळ यादी बनवताना ज्या दिवशी कमाल तापमान १५ अंशांच्या वर त्याच दिवसाचे उन्हाचे तास धरले होते. नाशिकला ही अट निरुपयोगी, इथे दिवस १५ च्या वरच असतो. मी महारेनचे आकडे घेऊन ढोबळ नियम केला: कोरडा दिवस ८ तास, रिमझिम ४, मुसळधार १, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचे वगळून ५. हे शास्त्र नाही, माझा अंदाज आहे. पण रॉथमस्टेडपेक्षा दिंडोरीच्या जवळचा आहे. यादी १ सप्टेंबरपासून सुरू करायला विसरू नका.

चारा. सुरुवातीला मॉडेलमध्ये दोनच शेतं असतात, एक लाल, एक हिरवं. आधी या दोनांवरच खेळा: एकाला बियाण्याच्या कांद्याचं अंतर द्या, दुसऱ्याला बांधावरच्या झाडांचं. नंतर रोजच्या चाऱ्याची मजकूर फाइल वाचायला सांगता येते. तिच्यात प्रत्येक दिवसाला प्रत्येक शेताची एक ओळ लागते, म्हणून पाच शेतं म्हणजे १८२५ ओळी. त्या एक्सेलमध्ये बनवून मजकूर म्हणून जतन करा. रकान्यांचा क्रम नमुना फाइलीसारखाच हवा.

डोंगळ्यांबद्दल एक सूचना. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माश्यांना तो विशेष आवडत नाही. जवळ दुसरं काही फुललेलं असेल तर त्या तिकडे जातात. एकरभर डोंगळे दिसले म्हणून फाइलीत भरमसाट मकरंद लिहू नका.

माइट पहिल्या फेरीत शून्य ठेवा. 'फीडबीज' (पाक देणे), मध काढणे, मोहोळ फुटणे यांच्या कळाही बंद. सगळं बंद असताना पेटी वर्षभर पटण्यासारखी वागली की एकेक कळ चालू करा, आणि पाकाची कळ चालू करण्याआधी कोडच्या पानावर तिचे दिवस वाचा. ते तिकडच्या हंगामाचे आहेत. सगळ्या कळा एकदम दाबल्या तर पेटी का मेली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

७. एकदा चालवून निकाल लावू नका

बीहेवमध्ये फासे असतात. कुठली माशी कुठलं शेत शोधते, किती मरतात, यात दर वेळी थोडा फरक पडतो. म्हणून तेच आकडे दोनदा चालवले तरी आलेख वेगळा येतो. नेटलोगोच्या 'बिहेविअरस्पेस' या सोयीत एकच मांडणी तीस वेळा चालवायला लावा, रात्री लावून झोपा. सकाळी सरासरी बघू नका, किती वेळा पेटी मेली ते बघा. 'पाक दिला तर तीसपैकी दोनदा, नाही दिला तर अकरा वेळा' असं उत्तर निर्णयाला कामाचं.

आणि एक लपलेला नियम: वर्षाच्या शेवटच्या दिवशी माश्या ४००० च्या खाली असतील तर बीहेव पेटी मेली असं धरतं. पंचांग सरकवल्यावर हा दिवस आपल्या ३१ ऑगस्टला येतो. मेलिफेरासाठी ही अट मला चालते. पावसाळ्याअखेर त्याहून कमी माश्यांची पेटी मी सहसा दुसरीत मिसळतोच. पण माझ्या एका पेटीनं ३००० वरून खुरासणीवर उभारी धरलीय, तेव्हा मॉडेलनं मारलेली प्रत्येक पेटी मेलेलीच समजू नका.

८. सातेरी पाळत असाल तर

वरचं बहुतेक सगळं मेलिफेराचं आहे. सातेरीची वसाहत लहान, घरं लहान, वाढीचे दिवस थोडे कमी, उड्डाणही जवळचं. चाऱ्याचं वर्तुळ साधारण एक किलोमीटरचं धरा. एक्सेलचं मॉडेल कमाल उपज आणि २७००० हे दोन्ही खाली आणून वापरता येतं. बीहेव मी सातेरीला वापरत नाही. त्यातला ४००० चा नियम निरोगी सातेरीलाही मारेल. व्हरोआ ही मुळात सातेरीचीच माइट, आणि सातेरी तिच्याशी जमवून राहते; मेलिफेराला तिच्याशी जमवता येत नाही, म्हणून मॉडेलमधलं माइटचं गणित सातेरीला लागू पडत नाही. शिवाय चारा संपला की सातेरी उपाशी मरत बसत नाही, पेटी सोडून निघून जाते. आलेखात दोन्हीचा शेवट शून्यच दिसतो, पण एकीत तळाला मेलेल्या माश्या असतात आणि दुसरीत स्वच्छ, रिकामी पोळी.

सातेरीच्या शंकांसाठी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय, या दोन जागी विचारा. जाताना नोंदवही न्या, आलेख नको.

९. दर महिन्याला ताळा

महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडा, चौकटी आणि बंद कोष मोजा, आणि मॉडेलच्या त्या दिवसाच्या आकड्याशेजारी लाल शाईनं लिहा. फरक पंचवीस-तीस टक्क्यांत असेल तर पुढे चला. मोजणीतच तेवढी चूक असते. फरक दुप्पट असेल तर मॉडेलला हात लावण्याआधी पेटीत बघा: राणी आहे का, शेजारी फवारणी झाली का, माइट वाढलीय का. माझ्या वहीत गेल्या मे महिन्यात मॉडेल ११००० म्हणत होतं आणि पेटीत ५०००. तीन संध्याकाळ मी हवामानाची यादी तपासली. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर राणीच नव्हती.